पत्त्याचा रकाना आणि बेघर विद्यार्थी : शालेय आकडेवारीची एक चिकित्सा

प्रस्तावना

भारतीय राज्यघटनेत २००२ मध्ये ८६ वी दुरुस्ती होऊन कलम २१-अ समाविष्ट झाले आणि ६ ते १४ वयोगटातील प्रत्येक बालकाचा शिक्षणाचा हक्क मूलभूत ठरला. या हक्काला कायद्याचे रूप देणारा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. हक्क ‘प्रत्येक’ बालकाचा असल्यामुळे त्याच्या अंमलबजावणीची पहिली पायरी मोजणी हीच ठरते. कोणते मूल कोठे आहे हे ज्या यंत्रणेला ठाऊक नाही, ती यंत्रणा त्या मुलाला शाळेत आणू शकत नाही आणि ते शाळेतून गळाले तर तिला ते कळतही नाही. म्हणूनच अधिनियमाच्या कलम ९ ने आपल्या क्षेत्रात राहणाऱ्या १४ वर्षांपर्यंतच्या बालकांचे अभिलेख ठेवण्याचे कर्तव्य स्थानिक प्राधिकरणावर सोपविले आहे. त्याच कलमात स्थलांतरित कुटुंबांतील बालकांच्या प्रवेशाची निश्चिती करण्याचे कर्तव्यही नमूद आहे.

तथापि ‘आपल्या क्षेत्रात राहणारे’ या शब्दप्रयोगात एक गृहीतक दडलेले आहे. प्रत्येक मूल कोठेतरी राहते आणि ते ठिकाण वर्षभर बदलत नाही, असे हे गृहीतक होय. पदपथावर झोपणारे, उड्डाणपुलाखाली संसार मांडलेल्या कुटुंबातले, बांधकामाच्या जागेवर पत्र्याच्या आडोशाला राहणारे किंवा ऊसतोडीच्या हंगामात फडालगतच्या कोपीत वाढणारे मूल या गृहीतकात बसत नाही. अशा मुलांविषयी शालेय यंत्रणा जी आकडेवारी गोळा करते, तिची व्याख्या, तिची तारीख आणि ती नोंदविणाऱ्यांचे हितसंबंध या तीन अंगांनी चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हाच प्रश्न अमेरिकेने १९८७ पासून कायद्याच्या चौकटीत हाताळला असल्याने, तुलनेसाठी त्या अनुभवाचाही येथे विचार केला आहे.

व्याख्येचा प्रश्न : बेघर कोणास म्हणावे?

भारतात बेघरांची सर्वांत व्यापक मोजणी जनगणनेत होते. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची गणना करण्यात आली. जे लोक जनगणनेच्या अर्थाने घर म्हणता येईल अशा वास्तूत राहत नाहीत, म्हणजे जे रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या नळांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळांच्या उघड्या आवारात किंवा रेल्वेच्या फलाटावर राहतात, ते बेघर, अशी ही व्याख्या आहे. या गणनेनुसार देशात सुमारे १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार लोक बेघर होते. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडली व पुढील जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. तिचा संदर्भ दिनांक बहुतांश देशासाठी १ मार्च २०२७ असा ठरविण्यात आला. परिणामी बेघर लोकसंख्येविषयीच्या चर्चेला दीर्घकाळ २०११ चाच आधार राहिला. जे मूल त्या रात्री पाच वर्षांचे होते, त्याचे शालेय वय या आकड्याला कोणताही नवा पर्याय मिळण्यापूर्वीच संपून गेले.

ही व्याख्या वास्तूवर आधारित आहे. डोक्यावर छप्पर आहे की नाही, एवढेच ती पाहते. ऊसतोड कामगाराची कोपी, वीटभट्टीवरची झोपडी, बांधकामाच्या जागेवरील पत्र्याची खोली यांना छप्पर असते. त्यामुळे तेथे राहणारे कुटुंब बेघरांत मोजले जाण्याची शक्यता कमी. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र छप्पर असण्यापेक्षा ते किती दिवस टिकणार, हा प्रश्न अधिक निर्णायक आहे. सहा महिने एका गावात आणि सहा महिने दोनतीनशे किलोमीटर दूरच्या कारखान्याच्या क्षेत्रात राहणाऱ्या मुलाला छप्पर दोन्हीकडे असते आणि शाळा धडपणे कोठेच नसते. या मुलाला ‘बेघर’ म्हणावे, ‘स्थलांतरित’ म्हणावे की ‘अनियमित’ म्हणावे, हा केवळ शब्दांचा वाद नाही. ज्या रकान्यात त्याचे नाव पडेल त्यावर त्याला काय मिळणार हे ठरते आणि ज्या मुलासाठी रकानाच नाही त्याला काहीच मिळत नाही.

शालेय माहिती प्रणालीने या प्रश्नाची अजिबात दखल घेतली नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. केंद्र शासनाने २०१६-१७ मध्ये विद्यार्थिनिहाय माहिती गोळा करण्यासाठी जो नमुना वापरला, त्यात बालक बेघर आहे काय आणि असल्यास ते पालकांसह राहते की कोणा प्रौढाच्या संरक्षणाविना, अशी नोंद करण्याची सोय होती. हा भेद महत्त्वाचा आहे. आईवडिलांसह पुलाखाली राहणारे मूल आणि रेल्वे स्थानकावर एकटे राहणारे मूल यांच्या गरजा भिन्न आहेत. परंतु हा नमुना शाळेत दाखल झालेल्या मुलासाठीच भरला जात होता. बेघर मुलांची जी सर्वांत मोठी अडचण, ती म्हणजे शाळेच्या दारापर्यंत पोहोचणे. आणि ते पोहोचलेच नाही तर त्याच्यासाठी कोणताही नमुना उघडला जात नाही. रकाना अस्तित्वात असूनही ज्याच्यासाठी तो केला, तो बाहेरच राहावा, असा हा विरोधाभास आहे.

‘शाळाबाह्य’ या संज्ञेबाबतही हीच संदिग्धता आढळते. केंद्राच्या निकषानुसार जे बालक कधीच शाळेत दाखल झाले नाही, किंवा दाखल होऊनही पूर्वसूचनेशिवाय ४५ दिवस अथवा अधिक काळ गैरहजर राहिले, ते शाळाबाह्य होय. महाराष्ट्रातील मोहिमांत एक महिन्याच्या सलग अनुपस्थितीचा निकष वापरण्यात आला. केंद्राच्या निकषातील ‘पूर्वसूचनेशिवाय’ हा शब्द विशेष लक्षणीय आहे. ऊसतोडीस निघालेल्या पालकाने ‘गुरुजी, आम्ही कारखान्यावर चाललो, पोराला संगं नेतो’ एवढे शिक्षकाला सांगितले, तर शब्दशः पाहता ही पूर्वसूचनाच झाली. मूल पाच महिने वर्गाबाहेर राहिले तरी निकषाच्या चौकटीत ते शाळाबाह्य न ठरण्याची वाट मोकळी राहते. व्याख्येतील एका शब्दाने मुलाचे पाच महिने नोंदीतून नाहीसे होऊ शकतात.

तारखेचा प्रश्न : एक दिवस आणि एक वर्ष

जिल्हा शैक्षणिक माहिती प्रणालीची उभारणी १९९४-९५ च्या सुमारास जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या निमित्ताने झाली. पुढे २०१२-१३ पासून ती एकात्मिक स्वरूपात आली आणि २०१८-१९ पासून तिचे ‘यू-डायस प्लस’ हे रूप सुरू झाले. या प्रणालीत अनेक वर्षे पटसंख्येची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर होती. देशातील बहुतेक ठिकाणी जून-जुलैमधील प्रवेशांची धावपळ तोवर संपलेली असते; त्यामुळे ही तारीख प्रशासकीयदृष्ट्या सोयीची होती.

बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या जिल्ह्यांच्या संदर्भात मात्र तिचा अर्थ बदलतो. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो व मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ मानला जात असल्याने दोघांनाही जावे लागते. घरी सांभाळणारे वडीलधारे माणूस नसेल, तर मुलेही सोबत जातात. म्हणजे ३० सप्टेंबरला जे मूल वर्गात बसलेले असते, ते बहुधा महिना-दीड महिन्यात तेथे नसते. मोजणी खोटी नसते, कारण त्या दिवशी मूल खरोखरच हजर असते. तथापि संपूर्ण वर्षाचा दाखला म्हणून तोच आकडा वापरला की तो दिशाभूल करू लागतो. जनगणनेची रात्र फेब्रुवारीतली, ऐन हंगामातली. शाळेची तारीख सप्टेंबरातली, हंगामापूर्वीची. एकाच मुलाला दोन राष्ट्रीय मोजण्या वर्षाच्या दोन वेगवेगळ्या अर्धांत गाठतात आणि या दोन नोंदी एकमेकींशी जोडण्याची व्यवस्था नाही.

एका दिवसाच्या मोजणीवरचा हा विश्वास इतरत्रही दिसतो. महाराष्ट्रात ४ जुलै २०१५ रोजी शाळाबाह्य मुलांचे राज्यव्यापी एकदिवसीय सर्वेक्षण झाले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर शिक्षक व स्वयंसेवक घरोघरी, स्थानकांवर, बाजारांत फिरले, ही गोष्ट निश्चितच दखल घेण्याजोगी होती. परंतु जुलैच्या आरंभी ऊसतोड कुटुंबे गावी परतलेली असतात आणि नवे शैक्षणिक वर्ष नुकतेच सुरू झालेले असते. स्थलांतरित मूल त्या दिवशी शाळाबाह्य नसते. ते पुढे चार महिन्यांनी होणार असते. ‘मिशन झीरो ड्रॉपआउट’ ही मोहीम ५ ते २० जुलै २०२२ या काळात राबविली गेली. तिच्यात स्थलांतरित बालकांचा स्पष्ट विचार होता आणि कालावधीही एका दिवसाऐवजी पंधरवड्याचा होता, ही प्रगतीच म्हणावी लागेल. महिना मात्र जुलैचाच राहिला.

राष्ट्रीय पातळीवरील नमुना सर्वेक्षणांतूनही हीच अडचण डोके वर काढते. मानव संसाधन विकास मंत्रालयासाठी झालेल्या सर्वेक्षणांनुसार देशातील शाळाबाह्य मुलांची संख्या २००९ मध्ये सुमारे ८१ लाख ५० हजार, तर २०१४ मध्ये सुमारे ६० लाख ६४ हजार होती. ही घट स्वागतार्ह आहे. तथापि कुटुंबांच्या नमुना निवडीवर आधारलेल्या कोणत्याही सर्वेक्षणात ज्यांना घर व घरक्रमांक आहे, अशी कुटुंबे सापडणे सोपे असते. ज्यांचे घरच नाही त्यांच्यासाठी वेगळी योजना करावी लागते आणि ती कितपत यशस्वी झाली हे अंतिम आकड्यावरून कळत नाही.

हितसंबंधांचा प्रश्न : नोंद करणाऱ्याला काय भोगावे लागते?

आकडेवारीच्या अचूकतेची चर्चा बहुतेक वेळा तंत्राच्या अंगाने होते. संगणक प्रणाली अद्ययावत करावी, प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र क्रमांक द्यावा, माहिती थेट वर्गातून भरली जावी, अशा सूचना केल्या जातात. या सूचना उपयुक्त आहेत. पण नोंद करणारा माणूस कोण आणि खरी नोंद केल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न मागेच राहतो.

महाराष्ट्रात शाळेतील शिक्षकांची पदे संचमान्यतेने ठरतात आणि संचमान्यता पटावर अवलंबून असते. दुर्गम वस्तीवरील दोनशिक्षकी शाळेत दहा मुले हंगामासाठी निघून गेली आणि ती पटावरून कमी झाली, तर एक पद धोक्यात येऊ शकते. मुले परत येतात तेव्हा पद परत येतेच असे नाही. अशा स्थितीत नाव पटावर राहू देणे हे शिक्षकाच्या दृष्टीने शाळा वाचविणे असते आणि पुष्कळदा मुलाच्याही हिताचे असते. कारण नाव असेल तरच ते परतल्यावर विनासायास वर्गात बसू शकेल. याउलट ‘माझ्या शाळेतील अमुक मुले शाळाबाह्य झाली’ असे कळविणाऱ्या मुख्याध्यापकाला पहिला प्रश्न विचारला जातो तो खुलाशाचा. जो प्रामाणिक अहवाल देतो त्याची शाळा कागदावर वाईट दिसते आणि जो शून्य लिहितो त्याची आदर्श. या व्यवस्थेत शून्य हा आकडा फार स्वस्त आहे.

पटफुगवट्याची दुसरी, निखालस गैरप्रकाराची बाजूही नाकारता येत नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर झालेल्या पटपडताळणीत नोंदविलेला पट आणि प्रत्यक्ष उपस्थिती यांत मोठी तफावत उघड झाली व बोगस पटाचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. अशा कारवाईची आवश्यकता होती, यात दुमत नसावे. परंतु उपस्थितांची शिरगणती हे एकच साधन असते तेव्हा त्या दिवशी नसलेल्या मुलांत कधीच अस्तित्वात नसलेले नाव आणि पोटासाठी गाव सोडून गेलेले मूल यांच्यात भेद करता येत नाही. पहिले काढून टाकायचे असते, दुसरे शोधायचे असते. एकाच मोजपट्टीने दोन्ही मोजली की शोधावयाचे मूलही काढून टाकलेल्यांच्या यादीत जाऊन पडते.

आधार-आधारित नोंदींनी हा पेच नव्या रूपात उभा केला. २०२२-२३ पासून यू-डायस प्लसने शाळानिहाय एकत्रित संख्येऐवजी विद्यार्थिनिहाय माहिती गोळा करण्यास सुरुवात केली. २०२१-२२ मध्ये सुमारे २६ कोटी ५२ लाख असलेली देशातील नोंदणी २०२२-२३ मध्ये सुमारे २५ कोटी १७ लाख व २०२३-२४ मध्ये सुमारे २४ कोटी ८० लाख अशी दिसली. पद्धती बदलल्यामुळे या आकड्यांची पूर्वीच्या वर्षांशी थेट तुलना करता येत नाही, असे स्पष्टीकरण शासनातर्फे देण्यात आले आणि ते ग्राह्य आहे. दुबार नावे गळाली असतील, तर ते शुद्धीकरणच होय. परंतु गळालेल्यांत दुबार किती आणि ज्यांच्यापाशी कागदच नाहीत अशी खरी मुले किती, हे एकूण बेरजेतून उलगडत नाही. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे. वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारू नये, असे शिक्षण हक्क अधिनियमाचे कलम १४ सांगते आणि दाखला मिळण्यास विलंब झाला म्हणून प्रवेश अडवू नये, असे कलम ५ सांगते. प्रवेश मिळतो, मात्र संचमान्यतेत आधार-प्रमाणित संख्येलाच वजन येऊ लागले की कागदपत्रे नसलेले मूल शाळेला ओझे वाटू लागते. कायदा दार उघडे ठेवतो आणि हिशेबाची पद्धत ते हळूहळू लोटून घेते.

अमेरिकेचा अनुभव : व्यापक व्याख्या आणि तिच्या मर्यादा

अमेरिकेत १९८७ मध्ये बेघरांच्या साहाय्यासाठी संघराज्याचा कायदा झाला. २००० पासून तो मॅकिनी-व्हेंटो या नावाने ओळखला जातो. त्याच्या शैक्षणिक भागानुसार ज्या बालकाला रात्रीच्या निवाऱ्याचे ‘स्थिर, नियमित आणि पुरेसे’ ठिकाण नाही, ते बेघर होय. यात निवारागृहात, मोटारीत, उद्यानात किंवा पडक्या इमारतीत राहणारी मुले तर येतातच. पण घर गेल्यामुळे किंवा आर्थिक हलाखीमुळे नातलगांच्या वा परिचितांच्या घरी दाटीवाटीने राहणारी आणि दुसरी सोय नसल्याने स्वस्त हॉटेलांत राहणारी मुलेही येतात. अशाच परिस्थितीत राहणाऱ्या स्थलांतरित शेतमजुरांच्या मुलांचाही तीत स्पष्ट समावेश आहे. अशा विद्यार्थ्याला कागदपत्रांवाचून तत्काळ प्रवेश मिळतो, हिताचे असल्यास मूळ शाळेतच शिकत राहता येते व त्यासाठी वाहनव्यवस्था मागता येते. प्रत्येक शालेय जिल्ह्यात या मुलांना ओळखण्यासाठी एक संपर्क अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. विद्यार्थ्याच्या निवासाविषयीची माहिती गोपनीय शैक्षणिक अभिलेख मानली जाते.

व्याख्येने आकडा किती बदलतो, याचे उदाहरण याच देशात सापडते. अमेरिकेचा गृहनिर्माण विभाग जानेवारीतील एका रात्री बेघरांची मोजणी करतो. २०२३ च्या त्या मोजणीत सर्व वयांचे मिळून सुमारे ६ लाख ५३ हजार लोक आढळले. त्यांत १८ वर्षांखालील मुले सुमारे १ लाख १२ हजार होती. याउलट २०२२-२३ या शैक्षणिक वर्षात सरकारी शाळांनी सुमारे १३ लाख ७० हजार विद्यार्थी बेघर म्हणून नोंदविले. त्यांपैकी तीनचतुर्थांशाच्या आसपास इतरांच्या घरी आश्रयाला राहणारे होते. गृहनिर्माण विभागाच्या मोजणीत हा गट बसत नाही. एक मोजणी एका रात्रीची, दुसरी वर्षभरात केव्हाही घर गमावलेल्यांची. दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येत बरोबर आहेत. धोरण ठरविताना कोणता आकडा हाती घ्यायचा, यावर मात्र लाखो मुलांचे अस्तित्व अवलंबून राहते.

या व्यवस्थेच्या उणिवाही तितक्याच बोलक्या आहेत. २०१९-२० मध्ये शाळांनी नोंदविलेली बेघर विद्यार्थ्यांची संख्या सुमारे १२ लाख ८० हजार होती. २०२०-२१ मध्ये ती सुमारे ११ लाखांवर आली. हे वर्ष करोना साथीचे होते. भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावर त्या काळात तात्पुरते निर्बंध होते, हे खरे. तथापि शाळा बंद असताना किंवा दूरस्थ पद्धतीने चालत असताना मुलाची पाठपिशवी, मळलेले कपडे, उशिरा येणे हे पाहून चौकशी करणारी शिक्षकाची नजरही नव्हती. संख्या घटली याचा अर्थ गरज घटली असा होत नाही. पाहणारे घटले असाही होऊ शकतो. कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकाने २०१९ मध्ये आपल्या राज्यातील शाळा बेघर विद्यार्थ्यांना पुरेशा प्रमाणात ओळखत नसल्याचा निष्कर्ष काढला. त्यानंतर २०२१ मध्ये तेथे प्रत्येक शाळेने दरवर्षी सर्व विद्यार्थ्यांना निवासविषयक प्रश्नावली द्यावी, असा कायदा झाला. सर्वांनाच विचारल्यामुळे कोणा एका मुलाकडे बोट दाखविले जात नाही, ही या उपायातील मर्मग्राही बाब होय. या शैक्षणिक कार्यक्रमासाठी संघराज्याची २०२३ ची तरतूद मात्र सुमारे १२ कोटी ९० लाख डॉलर, म्हणजे नोंदलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला शंभर डॉलरहूनही कमी होती. नोंद घेण्याचे कर्तव्य सर्व जिल्ह्यांवर आणि अनुदान मोजक्या जिल्ह्यांना, ही विसंगती तेथेही आहे.

दोन आक्षेपांचा विचार

स्वतंत्र नोंदीच्या कल्पनेवर दोन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला असा की, ‘बेघर’ अशी नोंद मुलाच्या नावापुढे कायमची चिकटेल आणि त्याला हिणवले जाईल. हा आक्षेप गंभीर आहे. ज्या भटक्या-विमुक्त समाजांना एकेकाळी कायद्यानेच गुन्हेगार ठरविले, त्यांच्या दृष्टीने सरकारी वहीत नाव लागणे ही आश्वासक गोष्ट नव्हती. पदपथावरील कुटुंबालाही चौकशी करणारा माणूस शाळेचा की अतिक्रमण हटविणाऱ्या पथकाचा, हे सहज ओळखता येत नाही. म्हणून नोंद गोपनीय राहणे, ती शिक्षणाखेरीज अन्य कामासाठी वापरली न जाणे आणि दरवर्षी नव्याने तपासली जाणे या अटी अपरिहार्य ठरतात.

दुसरा आक्षेप शिक्षकांवरील बोजाचा आहे. अधिनियमाच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामांना मनाई केली असली, तरी प्रत्यक्षात माहिती भरण्यात शिक्षकाचा बराच वेळ जातो, ही तक्रार रास्त आहे. परंतु आपल्या वर्गातील मूल रात्री कोठे झोपते, हे जाणणे अशैक्षणिक काम म्हणता येणार नाही. आक्षेपाचे खरे लक्ष्य तीच माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत पुनःपुन्हा मागणारी आणि तिचे पुढे काय झाले हे कधीच न कळविणारी पद्धत हे असले पाहिजे.

पर्यायी नोंदपद्धतीची दिशा

वरील चिकित्सेतून काही सूचना पुढे येतात. पहिली, व्याख्या वास्तूऐवजी वास्तव्याच्या स्थैर्यावर आधारलेली असावी. ‘पत्ता काय?’ या प्रश्नासोबत ‘सध्या रात्री कोठे राहता आणि तेथे किती दिवस राहणार?’ हे दोन प्रश्न प्रवेशाच्या वेळी सर्वच पालकांना विचारता येतील.

दुसरी, मोजणी वर्षातून किमान दोनदा व्हावी व त्यांतील एक जानेवारीत, ऐन हंगामात व्हावी. पटसंख्येच्या जोडीला मुलाने कोणत्याही शाळेत प्रत्यक्ष घालविलेल्या दिवसांची बेरीज नोंदली गेली, तर सप्टेंबरच्या आकड्यामागचे वास्तव उघड होईल.

तिसरी, हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलाचे नाव मूळ शाळेत ‘स्थलांतरित’ या स्वतंत्र वर्गात कायम राहावे व त्यामुळे संचमान्यतेत शाळेचे नुकसान होऊ नये. खरी नोंद करणाऱ्याला शिक्षा होणार नाही, याची हमी मिळाल्यावाचून कोणतीही प्रणाली अचूक होणार नाही. महाराष्ट्रात सुरू झालेले शिक्षण हमी कार्ड हे या दिशेचे योग्य पाऊल होते. एका शाळेची नोंद दुसरीने ग्राह्य धरावी, हे त्यामागचे तत्त्व आहे. मात्र कार्ड दिले किती यापेक्षा ते दुसऱ्या शाळेत दाखल झाले किती, हे मोजले जावे.

चौथी, जबाबदारी व्यक्तीवर निश्चित व्हावी. स्थलांतरित व शाळाबाह्य मुलांना शाळेत आणण्यासाठी राज्यातील अनेक शिक्षकांनी ‘बालरक्षक’ म्हणून केलेले काम मोलाचे आहे. परंतु ते मुख्यतः स्वयंप्रेरणेवर चालते. तालुका पातळीवर याच कामासाठी नेमलेली, प्रवासखर्च व अधिकार असलेली व्यक्ती असल्यास ऊस जाणारा तालुका आणि ऊसतोड कामगार पाठविणारा तालुका यांच्यात संपर्क राहील. हंगामी वसतिगृहे व पूर्वीच्या साखरशाळा यांचा अनुभव या कामी उपयोगी पडेल.

पाचवी, अहवालात ‘ठावठिकाणा अज्ञात’ असा रकाना असावा आणि तो रिकामा नाही म्हणून कोणास खुलासा मागू नये. आपल्याला काय माहीत नाही, हे सांगण्याची मुभा नसलेली यंत्रणा अंदाजाने रकाने भरते.

समारोप

बेघर व स्थलांतरित विद्यार्थ्यांची शालेय आकडेवारी सदोष असण्याचे कारण केवळ निष्काळजीपणा हे नाही. घराची व्याख्या छपरावरून, वर्षाची व्याख्या एका तारखेवरून आणि शाळेचे यश पटावरून ठरविल्याचा तो स्वाभाविक परिणाम आहे. अशा चौकटीत प्रत्येक टप्प्यावर प्रत्येकाने आपले काम चोख केले, तरी शेवटची बेरीज चुकते. त्याची किंमत तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या तक्त्यात दिसत नाही. चौथीत नाव असलेले, पाचवीत वर चढविलेले, प्रत्येक हंगामात चार-पाच महिने उसाच्या फडात धाकट्या भावंडाला सांभाळणारे मूल आठवीत पोहोचते तेव्हा त्याला सलग वाचता येत नाही. कागदोपत्री त्याची आठ वर्षे पूर्ण झालेली असतात आणि अधिनियमाने दिलेला हक्कही पुरवला गेलेला असतो.

प्राध्यापकवर्गासाठी या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. शिक्षण, समाजशास्त्र, अर्थशास्त्र या विषयांतील संशोधनाचा पाया बहुतेक वेळा हीच दुय्यम आकडेवारी असते. पटसंख्येचा तक्ता प्रबंधात उतरविताना त्याची तारीख, व्याख्या आणि तो भरणाऱ्याची परिस्थिती यांची चौकशी करणे हा संशोधनपद्धतीचाच भाग मानला गेला पाहिजे. ऊसतोड कामगार पाठविणाऱ्या आणि स्वीकारणाऱ्या अशा दोन्ही तालुक्यांत आज महाविद्यालये आहेत. जानेवारी महिन्यात दोन्हीकडच्या शाळांचे हजेरीपट शेजारी ठेवून पाहण्याइतका अभ्यास त्यांच्या आवाक्यात निश्चितच आहे.